आठ पायांची आठवण

बोरीच्या पुढं, उताराला, जीप गप झाली.
आचका नाही, धूर नाही,
बोलता बोलता माणूस मध्येच थांबतं तशी.
मागं सात मास्तर, रोजचे अप-डाऊनवाले.
एकानं हजेरीची वेळ सांगितली,
एकानं उतरून बोनेटवर पालथा हात ठेवला,
लेकराचा ताप बघावा तसा.

आधी फ्यूज, रिले.
मग डिझेलचा पंप, साडेसहा हजारांचा, उगीच.
शेवटी सिद्रामप्पा फिटरनं स्कॅनर लावला
आणि पडद्यावर आलं : संपर्क नाही.
म्हणला, गाडीचं डोकं गेलं, दिगाभाऊ.
हातपाय धड हायेत सगळे, सांगणारं कुणी नाही.

शोरूममधल्या टायवाल्या पोरानं
किंमत लिहून कागद पालथा सरकवला
पत्त्याच्या डावात सरकवतात तसा.
चव्वेचाळीस हजार. वर टॅक्स. वर तीन आठवडे.
"दुरुस्त नाही होत?"
"तो डबा उघडतच नाही, काका."

जेवणाच्या डब्याएवढा, ॲल्युमिनियमचा.
पिशवीत घालून नुसरतबाजीकडं नेला.
बाप रेडिओ दुरुस्त करायचा, त्याच टेबलावर ती बसते.
कडेचा डिंक तिनं गरम हवेनं सोडवला,
घोरपडीसारखा चिवट.
आत तांब्याच्या वाटांवर हिरवा गंज.
भिंगातून डोळा न काढता म्हणाली,
"मरा नै, भाऊ. भीगके बैठा है, कब से."

तेव्हा आठवलं.
दर शनिवारी बोनेट उघडून पाइप मारणारा मीच,
घरच्या टँकरच्या पाण्यातून चार बादल्या काढून,
गाडी चकचकीत दिसावी म्हणून.

एक वाट जोडली की शेजारची तुटायची.
चौथ्या दिवशी तिनं दिवा मालवला, बोलली काहीच नाही.
दारातला म्हातारा कासार म्हणाला, बनी तो बनी...
पुढचं सगळ्या गावाला पाठ आहे.

मग जालन्याच्या भंगारातून दुसरा डबा,
त्याच मॉडेलचा, एक कोपरा चेपलेला.
लावला. किल्ली फिरवली.
इंजिन दोन सेकंद हाललं, बंद.
बारा वर्षांची किल्ली माझी, गाडी माझी,
आणि गाडी विचारतेय, आपण कोण?

नुसरतबाजीनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला.
त्या डब्याला दुसरीच किल्ली आठवत होती.
दुसरा चेसी नंबर. एक लाख बारा हजार किलोमीटर.
आणि तळाशी शेवटची नोंद :
वेग ब्याण्णव. ब्रेक दाबलेला.
त्याखाली काही नाही.
तिनं पान आणखी खाली ओढून पाहिलं,
काही नाही.
गल्लीत बँडवाल्याचं पोरगं क्लॅरिनेटवर
एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होतं.

माझ्या मेलेल्या डब्यातून तिनं चिप उचलली,
आठ पायांची, तुरीच्या डाळीएवढी.
"साँस मत छोडो."
मी खरंच धरला श्वास.
त्यातली काढली, तिथं ही बसवली.
धूर लोबानासारखा, पण कडू.

डोकं जालन्याचं, आठवण परभणीची.
पहिल्या किल्लीला जीप बोलली,
जरा घोगरी, झोपेतून उठल्यागत.

निघालेली चिप तिनं फेकली नाही.
पत्र्याच्या डबीत आणखीही होत्या,
प्रत्येकीखाली पट्टी, बारीक अक्षर :
सफेद इंडिका. लोहा रोड. बारात की गाडी.
हिच्याखाली लिहिलं, बानवे.
मी म्हटलं, कशाला ठेवता?
ती डबी मिटता मिटता म्हणाली,
"कोई किल्ली लेके आया तो?"

आता बोरीचा उतार आला की
मास्तर घड्याळ बघतात, म्हणतात,
दिगाभाऊ, एवढं हळू काहून?
मी म्हणतो, डोकं नवीन हाय,
रस्ता ओळखू द्या त्याला.